वेळेचं बंधन नाही

गेट्सहेड. रात्रीचे साडेदहा.
डिशवॉशरचं पोट गुरगुरतंय.
वरच्या मजल्यावर इराची पावलं
एकदा बाथरूमपर्यंत, एकदा परत.
ब्रेडचा चुरा हातानं सारून
मी लॅपटॉप उघडते.

पहिलीच ओळ:
या चाचणीला वेळेचं बंधन नाही.

पुन्हा वाचते.
पाच वर्षं पुण्यात
घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला,
एका प्रश्नाला बहात्तर सेकंद,
गोल काळा करताना श्वाससुद्धा
कोट्यातूनच घ्यायचा.
अभ्यासिकेत माझी खुर्ची सत्तेचाळीस.
अठ्ठेचाळीसवर औशाची कल्याणी बिडवे.
तिचं झालं.
माझं तीन गुणांनी राहिलं.
तीन गुण म्हणजे किती गं, आईनं विचारलं.
म्हटलं, दीड प्रश्न.
मग ती शेजारीपाजारी सांगत राहिली
दीड भाकरी कमी पडल्यासारखं.

पुढे वय गेलं.
म्हणजे मी होते तिथेच होते,
जाहिरात पुढे निघून गेली.

इथल्या फॉर्मनं सगळं विचारलं.
वंश, धर्म, एखादं अपंगत्व,
आणि तुम्ही चौदा वर्षांच्या होतात तेव्हा
घरातलं कमावतं माणूस काय करायचं.
वयाची अट मात्र सापडली नाही.
दोनदा शोधली, सवयीनं.
बाबांचा हुद्दा भाषांतराच्या यंत्रात टाकला,
त्यानं शिपायाच्या हाती बंदूक दिली.
शेवटी हमाल, रखवालदार, सफाई कामगार
असं एका ओळीत कोंबलेलं होतं,
त्यावर टिचकी मारली.

शाळेच्या किचनमधली मोरीन म्हणते,
फार विचार करू नकोस, पेट,
मनात येईल ते लिही.
इकडे लाडानं पेट म्हणतात.
मराठीत त्याचा अर्थ काय होतो
ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

प्रश्न सातवा.
काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं आहेत.
एक वयस्कर गृहस्थ अर्ज घेऊन आलेत,
त्यावर एक सही कमी आहे.
तुम्ही काय कराल?
प्रत्येक पर्यायाला दर्जा द्या,
अत्यंत परिणामकारक ते
अगदीच निरुपयोगी.

पर्याय क: त्यांना नम्रपणे उद्या यायला सांगाल.

बाबांनी एकोणतीस वर्षं
हेच सांगितलं,
हिंगोलीच्या तहसील कचेरीत, दाराशी, स्टुलावरून.
साहेब जेवायला गेलेत. उद्या या.
साहेब कधी कधी आतच असायचे.
एकदा मी डबा घेऊन गेले
तर एक बाई उभी होती,
एसटीचं तिकीट मुठीत भिजलेलं,
तिसरी खेप.
बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
आणि आतल्या गठ्ठ्यात तिचा कागद
वरून तिसरा खुपसला.
पहिला नाही.
पहिला दिसला असता.
येताना सायकलवर म्हणाले,
घरी बोलू नकोस.
मी बोलले नाही.
मुलाखतीपर्यंत पोचले असते
तर तिथेही बोलले नसते.

अ, ब, क, ड सगळे वाचले.
वरिष्ठांचा सल्ला घ्याल, आहे.
नियम समजावून सांगाल, आहे.
वरून तिसरा कुठेच नाही.

क ला मी निरुपयोगी देते.
काढते.
थोडाफार परिणामकारक देते.
तेही काढते.
खाली बारीक अक्षरात लिहिलंय
की पुढे गेल्यावर मागे येता येणार नाही.

डिशवॉशर थांबलाय.
दार उघडलं की चष्म्यावर वाफ येते,
ताटं हाताला चटकतात.
एकेक पुसून लावते
मोठी खाली, लहान वर.
टेबलावर सातवा प्रश्न उघडाच आहे,
आणि तो गृहस्थ, सही नसलेला,
अजून काउंटरशी उभा.
पाच मिनिटं
पाचच राहिलीत.